मोठ्या दुकानाचं यंत्र, लहान दुकानाची वही

१९९०च्या सुमारास गुलमंडीवरच्या एखाद्या दुकानात संगणक घ्यायचं ठरलं की आधी त्याच्यासाठी काचेची खोली व्हायची. शेटजी बाहेर गादीवर पंख्याखाली घाम पुसत बसलेले आणि आत संगणकाला एसी. त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या. धुळीने यंत्र बिघडतं, असं कारण सांगायचे. पण सकाळची उदबत्ती मात्र त्याच खोलीत, सीपीयूच्या डोक्यावर लागायची. दसऱ्याला मॉनिटरला झेंडूची माळ, लक्ष्मीपूजनाला कीबोर्डला हळदकुंकू. पाडव्यानंतरच्या आठवड्यात मला हमखास बोलावणी यायची, कारण कुठल्या ना कुठल्या दुकानातली एंटरची कळ कुंकवाने चिकटून बसलेली असायची.

बिलाचे प्रोग्राम लिहून देणं हा माझा तेव्हाचा धंदा. शहर औरंगाबाद होतं. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला होता, चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही तयार होत होते, आणि विद्यापीठाच्या आवारातली सीईडीटीआय ही केंद्र सरकारची संस्था (तिलाच आता नाइलिट म्हणतात) पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होती. म्हणजे सोल्डरिंग गन धरता येणारे हात गावात होते आणि संगणक घेण्याइतका पैसा गुलमंडी, सिटी चौक, मोंढा इथल्या गल्ल्यांत होता. या दोहोंच्या मधल्या जागेत आमच्यासारख्यांचं पोट भरत होतं.

त्या आधीच्या दुकानाची सगळी अक्कल वहीत असायची आणि वहीची किल्ली मुनीमजींच्या डोक्यात. लाल कापडी बांधणीची लांबट वही, पानांना आखणी नाही, घड्या पाडून केलेले रकाने. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. रात्री दुकान वाढवताना शेटजी ती फडक्यात गुंडाळून घरी नेत. रोकड एकवेळ दुकानातल्या तिजोरीत राहील, वही नाही. रोकड चोरीला गेली तर एका दिवसाची विक्री गेली. वही गेली तर कोणाकडे किती येणं आहे तेच गेलं. उधारीवर चालणाऱ्या बाजारात याहून मोठी चोरी नाही.

संगणक आला तेव्हा घरी न्यायची वस्तू तेवढी बदलली. आता फ्लॉपी जाऊ लागली. आधी सव्वापाच इंची, मग साडेतीन इंची. साडेतीन इंचीवर १.४४ एमबी मावायचं, म्हणजे आजच्या मोबाईलमधला एक धड फोटोही नाही. पण साड्यांच्या बेताच्या दुकानाचा हिशोब आवळून बांधला की तेवढ्यात बसायचा. ओळखीच्या एका शेटजींनी फ्लॉपीसाठी लाल कापडाची पिशवी शिवून घेतली होती. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं. आता वाटतं, या सगळ्या व्यवहारात नेमकं काय मौल्यवान आहे ते त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळलं होतं.

प्रोग्राम फॉक्सप्रोत लिहायचा आणि छपाई डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर. त्या प्रिंटरचा कर्र-कर्र आवाज रस्त्यापर्यंत यायचा आणि मालकाला तो बंद केबिनमध्ये नकोच असायचा; चार लोकांना ऐकू गेला पाहिजे, इथे कॉम्प्युटरचं बिल मिळतं. कडेला भोकांच्या पट्ट्या असलेला सलग कागद, मधे कार्बन. पट्ट्या फाडून मुलं त्यांच्या साखळ्या करायची. या प्रिंटरला ‘आता ठळक छाप’, ‘आता अक्षर रुंद कर’ असं सांगायचं तर आधी २७ हा आकडा पाठवावा लागे. २७ म्हणजे एस्केप. पुढे जे येतंय ते छापायचं अक्षर नसून हुकूम आहे, एवढीच त्यातली सूचना. फॉक्सप्रोत ते सीएचआर आणि कंसात २७ असं लिहायचं. कुठल्या आकड्याने काय घडतं त्याचा तक्ता प्रिंटरच्या पुस्तिकेच्या मागच्या पानांवर छापलेला असे. पुस्तिका दुकानदाराला द्यायची, मागच्या पानांची झेरॉक्स आपल्याकडे ठेवायची, असा आमचा रिवाज.

पुढे एप्सनने पावती छापणाऱ्या छोट्या प्रिंटरांसाठी याच धाटणीची हुकमांची भाषा ठरवली आणि जगातल्या बहुतेक कंपन्यांनी तीच उचलली. आज दोन-अडीच हजारांचा चिनी थर्मल प्रिंटर घेतला तरी तो २७ला ओळख देतो. गंमत अशी की जीएसटी क्रमांकात महाराष्ट्राचा संकेतांकही २७च आहे, आणि त्याआधीचा व्हॅटचा क्रमांकही आपल्याकडे २७नेच सुरू व्हायचा. योगायोगापलीकडे त्यात काही नाही. पण आयुष्यभर बिलं छापलेल्या माणसाला असल्या योगायोगांचं अप्रूप वाटतं.

‘बिल मराठीत का निघत नाही हो?’ हा प्रश्न तेव्हाही विचारला जायचा. निघायचं, पण त्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड संगणकात बसवावं लागे. मूळ काम आयआयटी कानपूरचं, सी-डॅकने ते वाढवलं. त्या काळासाठी ती मोठी करामत होती. डॉसच्या काळ्या पडद्यावर ‘श्री’ उमटलेला पाहून एका जाणत्या व्यापाऱ्याने हात जोडले होते. पण कार्डाचा खर्च लहान दुकानाला परवडत नसे, आणि नऊ पिनांच्या प्रिंटरवर ‘ष्ट्य’ उमटवणं म्हणजे प्रिंटरचाही छळ आणि वाचणाऱ्याचाही. त्यामुळे गुलमंडीच्या बहुतेक बिलांवर लुगडी, खण आणि पैठण्या रोमन लिपीत नांदल्या.

या काळाबद्दल बोलताना लोकांचा गळा भरून येतो. माझा तितका येत नाही. मराठवाड्यातलं भारनियमन ज्याने पाहिलंय त्याला बिल अर्धं छापून झाल्यावर वीज जाणं म्हणजे काय ते माहीत आहे. डेटाबेसच्या अनुक्रमणिका मोडायच्या, त्या पुन्हा बांधायला लागायच्या, आणि तोवर गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत उभं. आणि दुसरी, कमी बोलली जाणारी गोष्ट: दुकान मुनीमजींच्या तावडीतून सुटलं ते आमच्या तावडीत सापडलं. रकान्याची रुंदी बदलायची तरी प्रोग्रामवाल्याला बोलवा. १ एप्रिल २००५ला विक्रीकर जाऊन व्हॅट आला तेव्हा आम्ही मंडळी एम-८०वर फ्लॉप्यांची पिशवी अडकवून दुकानादुकानांतून फिरत होतो. प्रत्येक दुकानात तोच बदल, प्रत्येक दुकानात चहा, प्रत्येक दुकानात बिल. आमच्यासाठी सुगी होती ती. दुकानदारासाठी नव्हती.

मग मोठी दुकानं आली. २०१० साली चिकलठाण्याकडे प्रोझोन मॉल उघडला आणि शहराने रांगेने मांडलेले बिलिंग काउंटर पाहिले. तिथली यंत्रं वेगळीच जात होती. संगणक, पडदा आणि कीबोर्ड वेगळे नाहीतच; पंधरा इंची पडद्याच्या पाठीत सगळा संगणक, बोटाने दाबायचं, बाजूला कार्ड ओढायची खाच, गिऱ्हाइकाकडे तोंड केलेली हिरवट-निळ्या अक्षरांची दोन ओळींची पट्टी, आणि खाली आपोआप उघडणारा गल्ला. आमच्या व्यवसायात याला पीओएस म्हणतात, लोक म्हणतात बिलिंग मशीन.

याचा पणजोबा अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावचा. तिथे जेम्स रिटी नावाच्या माणसाचा गुत्ता होता आणि त्याचे नोकर गल्ल्यात हात मारायचे. बोटीच्या प्रवासात पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र त्याने पाहिलं, आणि भावाच्या मदतीने १८७९ साली पैसे मोजणारं यंत्र बनवून त्याचं पेटंट घेतलं. पुढे त्या यंत्रांना घंटा बसली. गल्ला उघडला की घंटा वाजायची, म्हणजे मागच्या खोलीतल्या मालकाला कळायचं. आपल्या मोंढ्यातला शेठ असलं यंत्र-बिंत्र नसताना तेच करायचा: गल्ल्याकडे तोंड करून बसायचा.

मॉलच्या यंत्रात घंटेची जागा कंपनीच्या मुख्य कार्यालयाने घेतली. किंमत मुंबई-बेंगळुरूहून ठरायची, सवलत तिथूनच यायची, आणि काउंटरवरच्या मुलीला एका बिस्किटपुड्याची किंमत बदलायची तरी सुपरवायझरचं कार्ड लागायचं. यंत्र दुकानात असून दुकानाचं नव्हतं.

आणि ही यंत्रं फार लवकर म्हातारी ठरवली जातात. बिघडत नाहीत, ठरवली जातात. ८ एप्रिल २०१४ला विंडोज एक्सपीचा आधार संपला. खास बिलिंग यंत्रांसाठी बनवलेली एक्सपीची आवृत्ती ९ एप्रिल २०१९पर्यंत तगली. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चीही तीच गत झाली. एकेका तारखेला चालती-बोलती यंत्रं कागदोपत्री निकामी होतात. शिवाय दुकानंच बंद पडतात, साखळ्याच्या साखळ्या गुंडाळल्या जातात. मग हा माल लॉटमध्ये विकला जातो आणि हात बदलत बदलत कुठे कुठे पोचतो. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती करून पुन्हा विकणाऱ्यालाही रीतसर जागा दिलेली आहे. पण आपल्याकडे त्याची जागा नियमांच्या कितीतरी आधीपासून होती, रस्त्याच्या कडेला, ताडपत्रीवर.

मला असं एक यंत्र जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात दिसलं. पान्यांचा ढीग, मिक्सरची भांडी, कुणाच्या तरी लग्नातला अहेराचा डिनर सेट आणि त्यांच्यात पालथं पडलेलं पंधरा इंची बिलिंग मशीन. सोबत पावतीचा प्रिंटर आणि लोखंडी गल्ला, त्याची किल्ली नाही. विचारलं, चालू आहे का? म्हणाला, ‘हौ ना चच्चा, एकदम चालू. अंदर का नक्को पूछो.’ अंदरचंच मला हवं होतं. पाठीमागची पट्टी वाचली: इंटेलचा अ‍ॅटम डी ५२५, दोन गाभ्यांचा, ६४ बिटचा. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण लिनक्सच्या डेबियन या आवृत्तीने २०२५पासून ३२ बिटच्या यंत्रांवर नव्याने बसवायची सोय बंद केली आहे. वेग म्हणाल तर आजचा स्वस्तातला मोबाईलही त्याला मागे टाकेल. पण मी पाठ उलटी करून बघत होतो ती भोकं. नऊ पिनांचे चार सिरियल पोर्ट, एक पॅरलल पोर्ट, यूएसबी, आणि गल्ल्याची टेलिफोनसारखी खाच.

सिरियल पोर्टचं एवढं काय, ते सांगायला वहिनींच्या दुकानाकडे वळावं लागेल. वहिनी गारखेड्यात थालीपीठ भाजणी, मेतकूट, शेवया, कुरडया, दिवाळीत चिवडा-शेव विकतात. घरातल्या ओट्यापासून सुरू झालेला धंदा, आता शटरचं दुकान. माल तोलून द्यायचा, म्हणजे काटा आला. इलेक्ट्रॉनिक काट्याला वर्षाला वैधमापनचा शिक्का लागतो, आणि त्याच्या पाठीत वजन बाहेर पाठवणारा सिरियल पोर्ट असतो, जो निम्मी दुकानं आयुष्यात वापरत नाहीत. पुतणी काट्यावर वजन वाचायची, कॅल्क्युलेटरवर गुणायची, बिलबुकात लिहायची. गर्दीत ६५० ग्रॅमचे ५६० व्हायचे. नव्या लॅपटॉपला सिरियल पोर्टच नसतो. जोडणी घ्या, ती चालेल की नाही बघा, असं सुरू होतं. या टाकलेल्या यंत्राला मात्र असे चार. ते याच कामासाठी जन्मलेलं. काट्याचा आणि यंत्राचा वेग ९६००वर जुळवला, आणि पिशवी काट्यावर ठेवली की वजन पडद्यावर येऊ लागलं.

त्याआधीची दुरुस्ती हा माझ्या आनंदाचा भाग होता, तो थोडक्यात आटपत नाही. पाठ उघडायला चार स्क्रू. चार! चिकटवलेलं काही नाही, आतल्या प्रत्येक जोडणीवर नाव छापलेलं. दिवसाला बारा तास, वर्षातले सगळे दिवस चालायचं आणि बिघडलं तर दहा मिनिटांत उभं राहायचं, या हिशोबाने ते बनवलेलं होतं. घरगुती संगणक इतक्या मायेने कुणी बनवत नाही. पंखा नाहीच, त्यामुळे आत धूळही बेताची. आधी बदलला तो रुपयाएवढा बटणसेल, सीआर २०३२. तो मेला की यंत्र बंद-चालू केल्यावर तारीख थेट कारखान्यातल्या वर्षावर जाते, आणि मग आजच्या शेवेचं बिल दहा-पंधरा वर्षं आधीच्या तारखेने निघतं. २००० साल उजाडताना सगळं जग ज्या तारखेच्या गोंधळाला घाबरलं होतं, तो असा चाळीस-पन्नास रुपयांच्या सेलमध्ये मुक्कामाला असतो.

जुनी हार्ड डिस्क काढून बाजूला केली आणि नंतर ड्रिलने भोकं पाडून टाकली. चालू करून पाहिलीच नाही. त्यावर कुणाच्या तरी गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर असणार. दुसऱ्याची वही उघडायची नसते. तिच्या जागी छोटी एसएसडी बसवली, रॅम ४ जीबी केली, त्याहून जास्त हा प्रोसेसर घेतही नाही. पडद्याचा स्पर्श बोटभर सरकलेला होता, तो नव्याने जुळवला. जुन्या धाटणीचा, दाबावर चालणारा पडदा आहे. मोबाईलवर वाढलेल्या पुतणीला सुरुवातीला तो बहिरा वाटायचा. पण पिठाचा हात असो, तेलाचा असो, हातमोजा असो, त्याला चालतं. वहिनींना तो पहिल्या दिवसापासून आवडला. प्रिंटरच्या डोक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला, कापायचं पातं मोकळं केलं. कार्ड ओढायची खाच तशीच राहू दिली. चुंबकी पट्टीची कार्डं २०१८च्या अखेरीस चिपला जागा देऊन गेली. तिच्यात आता किराणा-यादीची चिठ्ठी खोचलेली असते.

शेवटी प्रिंटर. डेबियन बसवून झालं होतं, बिलाचा प्रोग्राम अजून लिहायचा होता. तरी राहवेना. काळ्या पडद्यावर आधी २७ पाठवला, मग रुंद अक्षराचा हुकूम, मग नाव. तीस वर्षांपूर्वीच्या झेरॉक्सवरचा तक्ता मला अजून पाठ आहे. काही आकडे बदललेत, रीत तीच. प्रिंटरने खसकन नाव छापलं आणि पातं खाली आलं. दुसरा हुकूम पाठवला, प्रिंटरमधून २४ व्होल्ट सुटले आणि तो किल्ली हरवलेला गल्ला टक्कन उघडला. आत कुणाची तरी पिवळी पडलेली पावती होती, अक्षरं पुसलेली. थर्मल कागदाचं हेच वाईट. उष्णतेने छापतो आणि उष्णतेनेच मावळतो. आमच्याकडच्या मे महिन्यात गाडीच्या काचेमागे ठेवलेली पावती आठवड्यात कोरी होते. कार्बनची प्रत तीस वर्षं टिकलेली मी पाहिली आहे. म्हणून वहिनींनी बिल कागदावर दिलं तरी नोंद यंत्रात ठेवायची. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात, आणि थर्मल कागदाच्या भरवशावर ते होणार नाही.

बिल मराठीत निघतं आता. प्रिंटरला देवनागरी येत नाही, त्याच्या पोटातला ठसा आजही रोमनच आहे. पण आपण अक्षरांचं चित्र करून पाठवायचं. तीन इंची कागदावर आडवे ५७६ ठिपके मिळतात. जिस्ट कार्डाच्या काळात जे लाखाच्या यंत्रालाही जड जायचं, ते भंगारातलं यंत्र फुकटच्या टायपाने करतं. ‘थालीपीठ भाजणी ५०० ग्रॅम’, जोडाक्षरं सुबक, वेलांट्या जागच्या जागी. छपाई जरा हळू होते, म्हणजे गिऱ्हाईक सुटे पैसे काढेपर्यंत.

मथळ्याने मात्र घोळ घातला होता. शहराचं नाव २०२३मध्ये बदललं तेव्हा ओळखीतल्या कितीतरी दुकानांच्या बिलांची हीच अडचण झाली. तीन इंची पावतीवर नेहमीची अक्षरं ४८ बसतात, दुप्पट रुंद केली तर २४. रोमनमध्ये औरंगाबादची अक्षरं १०, आजूबाजूला ऐसपैस जागा. छत्रपती संभाजीनगरची मधल्या मोकळ्या जागेसकट २५. एका अक्षराने हुकतं! शेवटचा ‘आर’ एकटाच खालच्या ओळीत जाऊन बसायचा. कुणी दोन ओळी केल्या, कुणी अक्षर बारीक केलं. देवनागरीत चित्र करून छापल्यावर हा प्रश्न उरला नाही. वहिनींच्या पावतीवर गाव एका ओळीत आहे.

पुतणीचा आधीचा हट्ट मोबाईलच्या अ‍ॅपचा होता, आणि तो वावगा नव्हता. अ‍ॅप चटकन चालू होतं, प्रिंटर ब्लूटूथवर, शिकायला अर्धा तास. मी तिला एकच विचारलं, रात्री दुकान बंद करताना घरी काय नेशील? ती म्हणाली, ‘काका, काहीच नाही. सगळं क्लाउडवर.’ वर्गणी भरली नाही तर? त्यावर ती गप्प बसली नाही, आजकालच्या मुली बसत नाहीत. तिने विचारलं, ‘आणि तुमचं यंत्र बंद पडलं तर?’ वाजवी प्रश्न होता. म्हणून रोज रात्री यंत्र स्वतःहून दिवसाचा हिशोब पेनड्राइव्हवर उतरवतं आणि पेनड्राइव्ह वहिनींच्या पर्समध्ये घरी जातो. वही गेली तशी, फ्लॉपी गेली तशी. गिऱ्हाइकांची उधारी, कोणाला कमी तिखट लागतं, कोणाच्या घरी डोहाळजेवण आहे म्हणून अनारसे सांगून ठेवलेत, हे सगळं त्यात आहे आणि दुसऱ्या कुणाच्या यंत्रात नाही. मॉलमध्ये असताना जे यंत्र मुख्य कार्यालयाला विचारल्याशिवाय एका पुड्याची किंमत बदलू देत नव्हतं, ते कंपनीने टाकून दिल्यावर पहिल्यांदा एका दुकानाचं झालं. विंडोज काढल्यामुळे आता त्याला कुणी तारीख सांगून म्हातारंही करणार नाही. बाहेरच्या जाळ्याला ते जोडलेलंच नाही, ही त्याची तब्येत राखायची सोपी रीत.

२२ सप्टेंबर २०२५ला पाकीटबंद फरसाणावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५वर आला. व्हॅटच्या वेळची माझी एम-८० आठवली. या वेळी मी फोन करून विचारलं, येऊ का? पुतणी म्हणाली, ‘झालं काका. सकाळी चहा व्हायच्या आत केलं.’ प्रोग्राम मी लिहिला असला तरी दराचा रकाना मी मुद्दाम तिच्या हातात ठेवला होता. तिला मला बोलवावं लागलं नाही, याचं बरंच वाटलं आणि थोडं कसंसंही. चहा तरी मिळाला असता.

गल्ला मात्र फारसा उघडत नाही. २०१६ साली यूपीआय आलं, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नोटबंदी झाली आणि शंभराच्या नोटेला सुटे मागणारी गिऱ्हाइकं हळूहळू मोबाईल पुढे करू लागली. काउंटरवरचा स्पीकर रक्कम मराठीत ओरडून सांगतो. डेटनच्या गुत्त्यातल्या घंटेचंच काम. वहिनी आत भाजणी भाजत असल्या तरी त्यांना कळतं, किती आले. लोखंडी गल्ल्याच्या नोटांच्या कप्प्यांत आता रबरबँड, पावतीचे जादा रोल, बीपीच्या गोळ्या आणि पुतणीचं चार्जर आहे. पण बिल झालं की तो टक्कन उघडलाच पाहिजे, असं वहिनींचं म्हणणं. मी हुकूम काढून टाकू म्हणालो तर म्हणाल्या, ‘राहू द्या भाऊजी. भवानी झाल्यासारखी वाटते.’ राहू दिला.

शेजारच्या स्टेशनरीवाल्याने महिनाभर हे सगळं पाहिलं आणि एक दिवस विचारलं, असं अजून एखादं मिळेल का? म्हणून पुन्हा रविवारी जाफरगेटला गेलो. त्याच ताडपत्रीवर तसलीच दोन यंत्रं होती, या वेळी पालथी नाही, पुसून उभी करून ठेवलेली. भाव दुप्पट. मी म्हटलं, मागच्या वेळी तर भंगाराच्या भावात दिलं होतंस. म्हणाला, ‘तब भंगार था चच्चा. अब लोगां पूछ के जा रहे.’ बरीच घासाघीस केली. थोडा उतरला, आणि या वेळी चार्जर सोबत दिला.